मंगळवारच्या बैठकीत दिलेलं

३ मार्च, मंगळवार
पुन्हा तडे! साबणाचा अख्खा घाणा वाया. माझा साबण घेणारा हॉटेलवाला म्हणतो, "ताई, या आठवड्यात शेवटची संधी." ती हुकली की कारखान्याला टाळंच.

शेवटी शेजारच्या बेकरीवालीने मला त्यांच्या मंगळवारच्या बैठकीला ओढून नेलं. शिंप्याच्या दुकानामागची खोली, सगळे छोटे धंदेवाले. नियम एकच — एकाची खुबी घ्यायची, आपली एक द्यायची. आज नुसती घेतली. बेकरीवाली म्हणाली, "थर्मामीटर ठेव बाजूला. मनगट भांड्याजवळ धर, तेच सांगेल कधी ओतायचं."

५ मार्च
जमलं! एकही तडा नाही. मनगट आपोआप थांबलं — जसं काही वीस वर्षं हेच करतेय! हॉटेलवाला खूश.

६ मार्च
बेकरीवालीला साबणाच्या वड्या द्यायला गेले. दुकानभर करपल्याचा वास. तीन दिवस तिचा एक पाव धड निघालेला नाही. "मनगटाला काही कळेनासंच झालंय गं," म्हणाली आणि हसली. भट्टीजवळ नवा थर्मामीटर.

योगायोग. दुसरं काय असणार!

१० मार्च, मंगळवार
आज माझी पाळी. साबणातलं काही सांगायची छातीच होईना. तेवढ्यात बैठकीतल्या एका रंगवाल्याने विचारलं, "सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू न बघता ओळखायच्या कशा?" म्हटलं, सुटले! माझ्या जुळ्या मुलींचं सांगून टाकलं. बापालाही चकवतात, पण मी पाठमोरी असूनही सांगते, जिन्यावर थोरली की धाकटी. पाऊल नाही ऐकायचं, पावलाआधी ती किती थांबते ते ऐकायचं. रंगवाला डोळे मिटून ऐकत होता.

बरं झालं. साबण शाबूत!

११ मार्च
जिन्यावर पावलं. "आई, ओळख कोण!" रोजचाच खेळ.

नुसती पावलं. कुणाचीही.

"धाकटी," म्हटलं. हसल्या नाहीत. वळून पाहिलं तर दोघी माझ्याकडे टक लावून उभ्या. आणि पाहूनही कळेना. देवा, पोटच्या पोरी माझ्या!

१२ मार्च
रंगवाल्याचा फोन. त्याने माझ्या मुलींना कधी पाहिलेलंही नाही. माझ्याकडचं पोरीचं रडणं फोनवर ऐकून म्हणाला, "आधी थोरलीला गप्प करा, मग बोलू."

मांडीवरच्या पोरीला मी मघापासून धाकटी म्हणून थोपटत होते.