एक हजार नव्वदच्या बिया

६ एप्रिल

दिल्या! बाबांनी भर सभेत उभं राहून दिल्या. तेराशे बेचाळीस पौंडी भोपळ्याच्या सगळ्या बिया, पाकिटासकट, त्या ग्रेगरला! टोरांटोहून इथे खाडीकाठच्या गावात येऊन त्याला अजून वर्ष नाही झालं. बुटाला चिखल लागला की रुमालाने पुसतो.

मी मार्चमध्ये दोन मागितल्या होत्या. दोनच! 'बघू' म्हणाले बाबा. हे बघितलं!

टाळ्या थांबल्यावर मर्ल - आमच्या भोपळा मंडळाचा अध्यक्ष - माझ्याकडे वळून म्हणतो, 'एल्डनचं मन मोठं आहे हं, मर्ना!' मन मोठं! शेणखत कोण ओढतं? उन्हाळाभर पाणी कोण घालतं? वजनाच्या दिवशी भोपळ्याखालच्या ताडपत्रीचं चौथं टोक कुणाच्या हातात असतं? भोपळ्याच्या वजनापुढे आडनाव लागतं ते वाइनो. माझंही तेच आहे, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही.



७ एप्रिल

न्याहारीला बाबा - 'रुसलीस काय गं पोरी?' एक्कावन्न वर्षांची पोर!

'तुला कशाला हव्यात माझ्या? तुझ्या आहेत की, एक हजार नव्वदच्या.'

आहेत. माझ्या एकटीच्या वाफ्यातला पहिला भोपळा, एक हजार नव्वद पौंडांचा. पहाटे नर फूल मी खुडलं, मादी फुलात मी फिरवलं, वर जाळी मी बांधली. एवढ्या मोठ्या पोटातून भरलेल्या बिया निघाल्या अकरा. बाकी सगळी फोलं. ठीक आहे. माझ्या तर माझ्या. ऑक्टोबरमध्ये दाखवते एकेकाला.

२३ एप्रिल

नखं घासायची पट्टी सापडली. उद्या बियांच्या कडा घासायला घेणार, पाणी आत शिरावं म्हणून.

२४ एप्रिल

 

बियांचा डबा उघडला. माझं पाकीट नाही. बाबांचं आहे! जसंच्या तसं, गच्च भरलेलं, वर निळ्या शाईत १३४२.

म्हणजे सभेत दिल्या त्या माझ्या बिया! स्वतःच्या ठेवून घेतल्या आणि माझ्या वाटल्या! मन मोठं!

पाकीट बाबांसमोर आपटलं. आंबवलेला कोबी आणि सॉसेज खात होते.

'माझ्या बिया दिल्यात तुम्ही!'

'काहीतरीच. मी माझ्या दिल्या.'

'मग हे काय आहे? वाचा! काय लिहिलंय ते वाचा!'

पाकीट उचललं, हातात फिरवलं, परत ठेवलं. 'मला काय वाचायला लावतेस? मीच लिहिलंय ना ते?' आणि पुन्हा काट्याने सॉसेज टोचायला लागले. निर्लज्ज!

२५ एप्रिल

ग्रेगरकडे गेले. दार उघडून हसला. 'या या, तुमच्याच बियांची सेवा चाललीय!'

सेवा! कडा न घासता कोमट पाण्यात दोन दिवस बुडवल्या, मग पिशवीत घालून हीटरवर ठेवल्या. उकडल्या! उघडली तर वास. एकेक बी दोन बोटांत दाबून पाहिली - बदकन फुटायची. माझ्या बिया. भांड्याच्या तळाशी विसरलेली एक निघाली, टणक. ती मुठीत घेतली. त्याला विचारलंही नाही.

तो बिचारा पांढरा पडला. 'मी त्यांना म्हटलं होतं, पाकिटावर १०९० लिहिलंय. ते हसले, म्हणाले, अरे बाबा, तेराशे बेचाळीस. मला वाटलं, तुमच्यात काही वेगळा हिशोब असेल.'

हसले! तोंडावर खोटं बोलून वर हसले!

रस्त्यात गाडी थांबवून ओरडले. काचा बंद करून.

२६ एप्रिल

बाबांचं पाकीट घेतलं. न विचारता. सगळं.

टेबलावर ओतलं आणि निवडायला बसले. दाबल्यावर खचणाऱ्या फेकल्या. तडकलेल्या फेकल्या. तळहातावर जड लागणाऱ्या पाच ठेवल्या, शेजारी माझी एकुलती एक. दोन्ही बाजूंच्या कडा हळूहळू घासल्या, टोक तेवढं सोडून, कारण मूळ तिथूनच येतं. तासभर कोमट पाण्यात, मग ओल्या कागदात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटलीजवळ.

बाबा दारात येऊन उभे. 'काय करतेस?'

टेबल समोर होतं! सगळं मांडलेलं! तरी विचारतात.

'भाजून खातेय,' म्हटलं.

गेले.

३० एप्रिल

त्यांच्या पाचांतल्या चारांना मोड आले. माझ्या बीला नाही.

१ मे

नाही.

२ मे

आला! पांढरा, वाकडा, नखाएवढा. रडले. मग रडले म्हणून स्वतःचाच राग आला.

९ मे

मर्लचा फोन. 'एल्डनची काय खबर? यंदा किती रोपं?' म्हटलं, 'एल्डनचं एल्डनला विचार.' 'अगं, त्या सभेपासून तो मंडळात फिरकलाच नाही.' कसे फिरकतील? कुठल्या तोंडाने येणार!

वाफ्यावर प्लॅस्टिकचा तंबू उभा केला. एकटीने. वाऱ्याने दोनदा पाडला. बाबा पायरीवर बसून होते, जागचे हलले नाहीत.

१५ मे

माझं रोप जमिनीत लावलं. मधल्या वाफ्यात, जिथे इतकी वर्षं फक्त बाबांचं लागायचं. त्यांना सांगितलं नाही. ते त्याच्या शेजारून गेले, पायाने पान जवळजवळ चिरडलंच. मुद्दाम! मी किंचाळले - 'दिसत नाही का?' थबकले. म्हणाले, 'दिसतंय की.' आणि कुंपण धरून धरून घरात गेले.

तीन आठवडे झाले, नीट बोलले नाहीये त्यांच्याशी. बोलणारही नाही.

१७ मे

सकाळी चहा घेऊन बाबा बाहेर आले. माझ्याकडे नाही, खाडीकडे तोंड करून म्हणाले, 'यंदा हे धुकं काही उठत नाही गं, मर्ना.'

लख्ख ऊन होतं. पलीकडच्या बेटावरची घरं मोजता येत होती.