हाताच्या मापाचा डबा

अण्णा, गेल्या चैत्रापासून डायलिसिसच्या वेळी माझ्या डाव्या हातावर एक दिवा लावतात. उजेडाचा नव्हे. स्टँडवर बसवलेला, पातेल्याच्या झाकणाएवढा, त्यातून नुसती ऊब खाली उतरते आणि हाताला काहीही टेकत नाही. तुमच्या मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठी माझ्याकडेही आल्या, हे तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याबद्दल तक्रार नाही. नाकही तुमचंच आलं आहे, आणि हट्टही. शाळेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यायची वेळ आली. मनगटाच्या वर धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला, त्यात दर वेळी दोन जाड सुया, रक्त एकीतून बाहेर आणि दुसरीतून आत. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तुमचाही डावाच हात होता.

दिवा लागला तो हात बिघडू लागला म्हणून. रोज सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं फिस्टुलावर ठेवून आतल्या वाहत्या रक्ताची थरथर तपासायची, ही सवय तुमचीच. ती थरथर मंदावत गेली. डायलिसिस चालू असताना मशीन सारखं वाजू लागलं. तपासणीत दिसलं की शीर आतून अरुंद होते आहे. डॉक्टर म्हणाले, दिव्याने रक्ताचा प्रवाह सुधारतो, काहींचा सुधारतो, काहींचा नाही. नाही सुधारला तर आत फुगा घालून शीर रुंद करावी लागेल, आणि तेही टिकलं नाही तर मानेत नळी. माझ्या उजव्या हाताच्या शिरा बारीक आहेत, तिथे नवा फिस्टुला होणं कठीण. मी सरळ विचारलं, हा हात गेला तर पुढे काय? ते म्हणाले, "तो जाऊ द्यायचा नाही." परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला मी निम्मेच गुण दिले असते.

त्या दिवशी रिक्षा द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली होती आणि मला तुमचा ओरडा आठवला. तुमच्या डायलिसिसच्या दिवसांत आपण असेच तिथे अडकलो होतो, पुढे चालतच जाऊ असं तुम्ही ठरवलंत, आणि उतरताना आधार द्यावा म्हणून मी तुमचा डावा हात धरला. भर रस्त्यात तुम्ही कडाडलात, "तो हात सोड. धरायचा तर उजवा धर." मी तेव्हा नोकरीला लागलेली, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता ठेवणारी बाई. मला फार राग आला होता. आता कोणी माझ्या डाव्या हातात पिशवी द्यायला आलं की मी तुमच्याच आवाजात बोलते.

तांबटाचा डावा हात काय काम करतो हे मी लहानपणापासून पाहत होते. लोकांना उजव्या हातातला हातोडा दिसतो. खरं भांडं घडतं ते डाव्या हातावर, प्रत्येक ठोक्यानंतर तो भांडं रेसभर फिरवतो म्हणून. डॉक्टरांनी त्या हाताने वजन उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही असं सांगितलं, तेव्हा आईला वाटलं तुम्ही दुकान बंद कराल. तुम्ही बंब आणि हंडे सोडलेत. लहान तांबे आणि फुलपात्री घेतलीत, ऐरणीसमोरचं आसन बदललंत, आणि भांडं पायाच्या तळव्याने आणि गुडघ्याने फिरवायला शिकलात. त्या वयात. सुरुवातीला ठोके वेडेवाकडे पडायचे, ती भांडी तुम्ही कोणाला दाखवली नाहीत, मोडीत टाकून पुन्हा बसलात. सिन्नरचं एक जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणालं, "अण्णा, आता पायाने काम करता होय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुला तांब्या पाहिजे का माझा पाय पाहिजे?"

तुमच्या हाताला शेक द्यायला तेव्हाच्या डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरने सांगितलं होतं. मधल्या दिवशी, सुयांची भोकं बुजल्यावर, कोमट पाण्याचा, म्हणजे शीर मोकळी राहील. दुसरा कोणी असता तर त्याने टॉवेल भिजवला असता. तुम्ही तांब्याचा पत्रा घेऊन बसलात आणि मनगटापासून कोपरापर्यंत बेतशीर बसेल असा वाकवलेला, चपटा, आत पाणी भरायचा डबा केलात. त्याला बूच होतं, कडा अशा वळवलेल्या की कुठे बोचणार नाही. मला म्हणालात, तांबं ठोकून ठोकून ताठर होतं, मग त्याला पुन्हा ताव देऊन मऊ करावं लागतं. सुया टोचून टोचून शिरेचंही तेच होत असणार. शीर काही धातू नाही, हे मी विज्ञान शिकवणारी असल्यामुळे तुम्हाला ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "बरं, नसेल. पण ऊब दोघांना चालते ना?"

आणि मग तुम्ही ती चूक केलीत. पन्नास वर्षं भट्टीशी काम करून तुमच्या बोटांना ऊन आणि कढत यातला फरक कळेनासा झाला होता. पाणी तुम्ही बोटांनी पाहिलंत, बरं वाटलं, डबा हातावर ठेवलात, आणि तांब्याने सगळी उष्णता एका दमात कातडीला दिली. फिस्टुलाच्या बाजूलाच फोड आला. सिस्टरने सगळ्यांसमोर झापलं, "अण्णा, हा हात आहे, भांडं नाही. इथे जखम चिघळली तर हात जाईल." तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." एवढंच. घरी येऊन डब्याला जाड फ्लॅनेलची खोळ आईकडून शिवून घेतलीत, आणि जखम भरून सिस्टरने परवानगी दिल्यावर मला समोर बसवून म्हणालात, "माझी बोटं मेली आहेत. यापुढे तू बघायचं." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मास्तरणीला घरातही तपासायला वही मिळाली.

तेव्हापासून शाळेतून आले की तेच काम. आई पाणी तापवून देते, मी डबा भरते, खोळ चढवते, माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघते. तुम्ही बाही वर करून बसलेले. मी हो म्हणेपर्यंत तुम्ही हात पुढे करत नाही. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला विचारून भट्टी पेटवली नाही, तो मुलीने मान हलवायची वाट बघत थांबतो. मला वाटतं, तुमच्या कामात सर्वांत अवघड तेच होतं. आणि तो हात शेवटपर्यंत चालला. तुम्ही गेलात ते हृदयाने. हाताची थरथर त्या सकाळीही तुम्ही स्वतः तपासली होती.

आता दिव्याला मनगट लावायची गरज नाही. अंतर ठरलेलं असतं, वेळ संपली की तो आपोआप बंद होतो. तरी तो डाव्या हातावर घेण्याआधी मी माझा उजवा हात त्याच्याखाली धरते. टेक्निशियन बाई निफाडकडच्या आहेत, त्या म्हणतात, "मॅडम, लय संशयी बाई तुम्ही. मशीन हाय ती, चुकत नाय." मी म्हणते, माणसाने बनवली आहे, मी बघणार. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. प्रवाह वाढला आहे. डॉक्टरांनी फुगा सध्या तरी पुढे ढकलला, दिवा चालू ठेवा म्हणाले. आज सकाळी बोटांखाली थरथर चांगली लागली, आणि पहिल्यांदा वाटलं की हे तुम्हाला सांगावं.

एक गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नव्हती. डबा निवेपर्यंत तुम्ही बोलायचात. एरवी दिवसभर ठोक्यांच्या आवाजात कोणाशी बोलत नव्हतात, पण त्या वेळात तुमच्या वडिलांबद्दल, पहिल्या भट्टीबद्दल, मी जन्मले त्या दिवशी अर्धवट राहिलेल्या घागरीबद्दल सांगायचात. म्हणून डबा योग्य झालेला असला तरी मी पुष्कळदा म्हणायचे, "अजून कढत आहे, थांबा." तुम्हाला कळणार नाही अशी माझी खात्री होती. काल दिव्याखाली हात असताना लक्षात आलं, की मेलेली होती ती फक्त बोटं. हाताची कातडी जिवंत होती, तिला तर फोड आला होता. निवून गेलेला डबा मी त्या कातडीवर ठेवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "आता बरोबर आहे."