आपण येण्याचं मुळीच कारण नाही

सौ. विहीणबाई यांना सादर नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असणारच (ती बिघडायची हिंमत करील असं मला वाटत नाही). व्याह्यांचा खोकला कमी झाला का? परवा फोनवर ते आपल्या मागे उभे राहून खोकत होते. आपण काहीतरी महत्त्वाचं सांगत होता आणि त्यातलं निम्मं खोकल्यात गेलं. मी मात्र सगळ्याला 'हो, हो' म्हणालो. फोनवर माझं हे असंच होतं. आपण बोलता, मी होकार देतो आणि फोन ठेवल्यावर आठवतं की 'नाही' म्हणायचं होतं. शिवाय घर लहान. पुढच्या खोलीत बोललेलं मागच्या खोलीत लेकीला ऐकू जातं, आणि हल्ली तिचे कान फार तिखट झालेत. म्हणून हे पत्र. आपण मुख्याध्यापिका होता हे लक्षात ठेवून जपून लिहितो आहे. तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या हातात लाल पेन न घेता वाचाव्यात ही विनंती.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. इकडे सगळं छान चाललं आहे. नववा महिना लागला, आपल्या सूनबाई मजेत आहेत, जावईबापूंचं जहाज वेळेवर बंदराला लागेल असा त्यांचा निरोप आहे. त्यांच्या घराचे जिने चढणं नको म्हणून ती माझ्याकडे तळमजल्यावर राहायला आली, तेव्हा आपण 'मी येऊन राहते' म्हणालात आणि मी 'कशाला उगाच' म्हणालो. त्या 'कशाला उगाच'वर मी ठाम आहे. अर्ध्या शहराला मोटार चालवायला शिकवलेला माणूस एका बाळाची तयारी करू शकणार नाही की काय? आपल्या कानावर इकडून काही उडत्या बातम्या आल्या असतील, तर नेमकं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐकावं.

पहिली बातमी वर्गाची. दवाखान्यात होणाऱ्या आईबाबांसाठी एक वर्ग चालतो. जावईबापू समुद्रावर, तेव्हा सोबतीला मी गेलो. आत सगळी तरुण जोडपी गाद्यांवर बसलेली. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, 'आपण कोण?' मी आपलं सरळ उत्तर दिलं, 'मी बाबा.' त्यावर त्या म्हणाल्या, 'अभिनंदन! वयाचं काय एवढं, मन तरुण हवं.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई, आपली सून हसून हसून इतकी लाल झाली की खुलासा मलाच करावा लागला. 'मी हिचा बाबा, बाळाचा नव्हे', हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. पुढे श्वासाचा धडा होता. मागे बसून पाठीला आधार द्यायचा आणि तिच्याबरोबर आपणही दीर्घ श्वास घ्यायचा. मी कुठलंही काम मन लावून करतो (हा दोष आहे हे मान्य). इतके दीर्घ श्वास घेतले की भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा पाच-सहा पोटुशा बाया मला वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या आणि आपली सून माझ्या पाठीला आधार देत होती. बाहुलीला अंघोळ घालायच्या धड्यात बाहुलीचा हात निघून आला तो माझ्यामुळे नाही. तो आधीपासूनच सैल होता.

दुसरी बातमी पाळण्याची. तो फोटो लेकीने जहाजावर पाठवला आणि तिथून तो आपल्याकडे आला असेल, तर कृपा करून पुसून टाकावा. झालं असं की पाळणा सुट्या भागांत आला, कठड्याच्या चार बाजू, तळाची फळी आणि मूठभर स्क्रू. लेक म्हणाली, 'बाबा, मी करते.' ती पुलांचे नकाशे काढते हे खरं, पण या अवस्थेत तिला खाली बसू द्यायचं का? मी म्हटलं, तू खुर्चीत बस, गंमत बघ. मग मी मधोमध बैठक मारली आणि हात पोचेल तशी एकेक बाजू जोडत गेलो. काम उत्तम झालं. पाळणा असा पक्का की हलवून बघितला तरी कुरकुरला नाही. तेवढ्यात लेक अगदी शांतपणे म्हणाली, 'बाबा, तुम्ही आत आहात.' बघतो तर चारही बाजूंनी कठडा आणि आत मी. उंची अशी की पाय त्यावरून पलीकडे टाकता येईना. स्क्रूचा पाना घरंगळून बाहेर, तिच्या पायाशी, आणि तिला वाकता येत नव्हतं. तिने तो पायाच्या बोटांनी सरकवत सरकवत माझ्याकडे दिला (त्यात बराच वेळ गेला, कारण मधे मधे ती हसायला थांबत होती). मग मी माझीच एक बाजू सोडवून बाहेर आलो. फोटोत मी हसतो आहे असं जावईबापूंचं म्हणणं आहे. मी हसत नव्हतो, माझ्या पायात गोळा आला होता.

तेव्हापासून पाळणा खिडकीशी उभा आहे. बाळाचे कपडे मी स्वतः धुतले, वाळवले, इस्त्री केली. विहीणबाई, ती अंगडी आपण पाहिलीत का? एका बाहीत माझी दोन बोटंसुद्धा नीट जात नाहीत. इस्त्री ठेवली की अख्खं अंगडं झाकलं जातं. एवढंसं माणूस असतं हे मी विसरूनच गेलो होतो, की मला कधी माहीतच नव्हतं कोण जाणे. लेक झाली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होतो. पुढेही घरातलं सगळं तिच्या आईनेच पाहिलं. माझ्या हातात लेक यायची ती न्हाऊनमाखून, पावडर लावून, झोपायच्या बेतात. आता तिची आई नाही, आणि या घरात विचारावं असं कोणी नाही. म्हणून मी कपाटाला विचारतो. म्हणजे तिच्या आईचं कपाट उघडून उभा राहतो. लेक मागून येते, तीही उभी राहते. मग आम्ही दोघं 'काय शोधत होतो बरं' असं म्हणून कपाट लावून घेतो. असो. विषय कुठून कुठे गेला.

आता गाडीचं. शिकवणीची गाडी आपण पाहिली आहे. शेजारच्या सीटपुढे शिक्षकासाठी दुसरा ब्रेक असतो. एरवी त्या जागेवर मी बसतो. लेकीला दवाखान्यात न्यायची रंगीत तालीम करायची म्हणून मी चालवायला बसलो आणि ती माझ्या जागी बसली. निघालो तर प्रत्येक वळणावर गाडी गचकन थांबायची. मी इंजिन तपासलं, प्लग तपासले. मग लक्षात आलं की बाई आरामात ब्रेक दाबत होत्या. म्हणे, 'तुम्ही फार जोरात घेता.' मी! मी, जो कोणालाही तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ देत नाही! दुसऱ्या तालमीला मी ताकीद दिली, तरी दाबला. तिसऱ्या वेळी तर मागच्या रिक्षावाल्याने खाली उतरून विचारलं, 'काका, शिकताय का?' गाडीवर पाटीच तशी आहे, त्याला काय बोलणार.

पण गेल्या गुरुवारी तिने एकदाही ब्रेक दाबला नाही.

हे मी लिहिणार नव्हतो. दुपारी ती टेबलाशी नकाशा काढत बसली होती. पेन्सिल ठेवून म्हणाली, 'बाबा, बाळ सकाळपासून हललं नाहीये.' आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय म्हणून सांगावं तसा. मी किल्ली घेतली. वाटेत मी सिग्नलला नीट थांबलो, वळणं नीट घेतली आणि दर वळणाला वाट बघितली की आता गाडी गचकन थांबेल. थांबली नाही. दोन्ही हात पोटावर धरून ती समोर बघत होती. शिकवताना मी शेकडो घाबरलेली माणसं पाहिलीत. ती बडबडतात, ओरडतात, स्टिअरिंग घट्ट धरतात. इतकं शांत बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात नर्सबाईंनी (त्याच, वर्गाच्या) तिला आडवं केलं, पोटावर पट्टा बांधला, यंत्र लावलं. आधी नुसती खरखर. मग आणखी खरखर. त्यांनी पट्टा सरकवला, पुन्हा सरकवला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो, पण त्यात किती वाजले होते ते विचाराल तर सांगता येणार नाही. आणि मग एकदम ठक-ठक-ठक-ठक सुरू झालं. इतकं भराभर की मी ओरडलो, 'डॉक्टर, फार जोरात चाललंय! ॲक्सिलरेटर दाबून धरलाय कोणीतरी!' डॉक्टरीणबाई हसल्या. बाळांचं असंच असतं म्हणाल्या. झोपलं असावं, पण शंका आली की लगेच यायचं, लाजायचं नाही, हे बरोबर केलंत. एवढ्यात आपल्या नातवाने किंवा नातीने त्या पट्ट्याला आतून अशी लाथ हाणली की पट्टा सरकला आणि पुन्हा खरखर सुरू झाली. यावेळी आम्ही सगळेच हसलो. मी जरा जास्त हसलो. नर्सबाईंनी मला पाण्याचा पेला दिला आणि खुर्ची दिली आणि श्वास बेताने घ्या म्हणून सांगितलं.

येताना तिने दोनदा ब्रेक दाबला. पुढची वळणं मी आणखी हळू घेतली.

तर सांगायचं ते इतकंच की सर्व काही व्यवस्थित आहे, तयारी पूर्ण आहे, बाळ ठणठणीत आहे. आपण दगदग करून येण्याचं मुळीच कारण नाही. व्याह्यांना नमस्कार.

आपला,
व्याही

ता. क. वर म्हटलं की नर्सबाई पट्टा सरकवत होत्या तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो. ते अर्धंच सांगितलं. लेकीने माझा हात धरला होता आणि डोळे मिटून म्हणाली होती, 'बाबा, आईंना बोलवा ना.' मला वाटलं, तिच्या आईची आठवण आली. मी म्हणालो, 'अगं, आई आहेच ना आपल्याजवळ, वरून बघतेय.' तिने नुसती मान हलवली. संध्याकाळी कप विसळताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ती तिच्या आईला जन्मात कधी 'आईंना' म्हणाली नव्हती. 'आई, चहा दे', 'आईला सांगीन हं', 'आई, तू गप्प बस'. आमच्या घरात ती कायम एकेरीच होती, जाईपर्यंत. 'आईंना' म्हणजे आपल्याला. जिवंत माणसाला बोलवा म्हणत होती बिचारी, आणि मी तिला आकाश दाखवत बसलो. एवढ्याशा अनुस्वाराचा हा प्रताप. शुद्धलेखनाचं महत्त्व आपण नेहमी सांगता, ते मला या वयात पटलं. खोटं कशाला बोलू, कप हातात तसाच राहिला आणि मनाला थोडं लागलं. मग बरं वाटलं. मग फार बरं वाटलं.

ता. ता. क. 'कशाला उगाच' हे माझे शब्द मागे घेतो. लेकीला यातलं काही सांगू नये. ती म्हणेल, आईंना त्रास नको, आणि तेही आपल्या वळणावर गेल्यासारखं ठामपणे म्हणेल. मागची खोली तिची आणि आपली. मी पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. मला आवडतं. (आवडत नाही, पण झोपतो.) व्याह्यांनाही आणावं, खोकल्यासकट. मला न्यायला येऊ द्यावं. आपण मागे बसावं, पुढच्या सीटवर बसू नये.

ता. ता. ता. क. या पत्राला उत्तर लिहू नये. उत्तर पोचायला फार वेळ लागतो.