नळ उजवीकडे गेलेली गोधडी

मी, या घराची थोरली सून, कपडे शिवून पोट भरलेली विधवा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मनात राग आहे, पण कोणी हात धरून हे लिहवून घेतलेले नाही.

१. घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीला द्यावी. दीर कुरकुर करतील. करू द्यावी.

२. शिलाई मशीन व कात्र्या शेजारच्या शिंप्याला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

३. बागेची गोधडी. हिचे चौकोन मी कागदावर शिवले आहेत. कागदावर चित्र आखायचे, मागून कापडाचे तुकडे लावायचे आणि आखलेल्या रेघेवर शिवत जायचे. कापडावर चित्र उलटे उमटते, म्हणून आखतानाच उलटे आखावे लागते. मागच्या अंगणातले गुलाब, टोमॅटोचा वाफा, भिंतीच्या डाव्या कडेचा नळ, सगळे मी तसेच उलटे आखले.

मी दवाखान्यात असताना धाकट्या जावेने माझे शिवलेले चौकोन पुढून कागदावर जसेच्या तसे, उलटे न करता गिरवले आणि त्या कागदांवर शिवलेली गोधडी प्रदर्शनात स्वतःच्या नावाने लावली. तिच्या बागेत नळ उजवीकडे गेला. रोज त्याच नळावर हात धुते, तरी बाईसाहेबांच्या ध्यानात आले नाही. बक्षीस मात्र पहिले. मी शेजारीच उभी होते. परीक्षकांनी माझी चौकशी केली, तर म्हणाली, "या आमच्या मोठ्या जाऊबाई. मला सुया ओवून देतात."

तिला सुई धरायला मी शिकवले. ते बोलणे फार लागले, अजून लागते. घरी आल्यावर दिरांनी वर मलाच समजावले, "वहिनी, घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं?"

तरीही माझी गोधडी धाकटीलाच द्यावी. कुठे उसवली तर तिच्याइतकी नीट दुसरे कोणी शिवणार नाही. अट एकच. तिने आधी आपल्या गोधडीमागे दोऱ्याने लिहावे, 'ही बाग जाऊबाईंची'. न लिहिल्यास माझी गोधडी माझ्या देहाबरोबर जावी.

ठिकाण : राहते घर, मागची खोली.
दिनांक : ९ मार्च, रविवार.
सही : थोरली सून

साक्षीदार :
१. शेजारचा शिंपी (सही)
२. इस्त्रीवाला (सही)

दुसरी सही मी मुद्दाम धाकटीकडे मागितली होती. तिने सगळे वाचले, पेन हातात घेतले आणि म्हणाली, "करते हो सही, जाऊबाई. पण तेवढं तीन नंबरचं काढा ना. लोक काय म्हणतील?"

कलम काढलेले नाही. मला गोधडीत गुंडाळायची तयारी ठेवावी.