नॉब कोणी फिरवला

बाबा, आमच्या नव्या घरात परवा हीटिंगचे स्मार्ट कंट्रोल बसवले. बसवणारा माणूस दोन तास काम करत होता आणि तेवढा वेळ मी त्याच्या मागे मागे फिरून तुमच्या वाटणीचे प्रश्न विचारत होते. घर साउथहॅम्प्टनमधलं, एका भिंतीने शेजाऱ्यांना चिकटलेलं, जुनं. हॉलमध्ये पिवळट पडलेली एक गोल चकती होती, तोच अख्ख्या घराचा थर्मोस्टॅट. चकती फिरवली की सगळं घर एकदम तापायचं, नाहीतर एकदम गारठायचं. आता प्रत्येक रेडिएटरला मुठीएवढा एक नॉब आहे आणि प्रत्येक खोली आपापलं तापमान सांभाळते. मी त्याला विचारलं, सेन्सर रेडिएटरलाच चिकटलेला, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला किती थंडी आहे हे याला कळणार कसं? तो म्हणाला, "गुड क्वेश्चन, लव्ह. अंदाज बांधतो तो. आठवडाभरात शिकेल." तुम्ही त्याला तिथल्या तिथे परत पाठवलं असतंत.

तुमच्याकडे अंदाज चालायचा नाही. गावच्या सरकारी कोंबडी केंद्रातली ती उबवणीची खोली, कपाटाएवढं यंत्र, आत अंड्यांचे ट्रे आणि एकवीस दिवस साडेनव्याण्णव डिग्री फॅरनहाइट, ना वर ना खाली. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच येते. तुम्ही दर तासाला थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहिता, आणि तरी एक अंडं काढून स्वतःच्या मिटल्या पापणीला लावता. पापणीला ऊब जेवढी कळते तेवढी हाताला कळत नाही, असं तुमचं म्हणणं. मग तेच अंडं माझ्या पापणीला लावता आणि विचारता, "काय म्हणतंय?" मी काहीही ठोकून द्यायचे. "बरोबर आहे," असंच तुम्ही दरवेळी म्हणायचात, त्यामुळे मी किती वेळा खरंच बरोबर होते हे मला आजतागायत माहीत नाही.

निघताना त्या माणसाने माझ्या फोनवर सगळं उघडून दाखवलं. कुठल्या खोलीत, किती वाजता, किती डिग्री, आणि कोणी बदललं, फोनवरून की हाताने. "हे सगळं लक्षात ठेवतं. बऱ्याच घरांत भांडणं लावतं," असं म्हणून त्याने बूट घातले. मला मोठी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी शनिवार, नवरा कामावर, घरात मी आणि माझी दहा वर्षांची लेक. चहा पिता पिता फोन बघते तर मागच्या बेडरूमचा रेडिएटर अठ्ठावीसवर, हाताने फिरवलेला. मी हाक मारून विचारलं, नॉबला कोणी हात लावला? "मी नाही," बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. माझं डोकं सटकलं. फोन तिच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, हे काय मग, भुताने फिरवला? तिचा चेहरा पार पडला. "मला फक्त बघायचा होता किती गरम होते," ती तिच्या त्या मराठीत म्हणाली आणि वर निघून गेली. हरकत नव्हती हो फिरवायला. नॉब फिरवण्यासाठीच असतो. पण मला चोर पकडल्याचा आनंद झाला होता, आणि तो आनंद लगेच माझा मलाच लाजिरवाणा वाटला.

कारण तुमच्या यंत्राचा नॉब मी फिरवला होता. तुम्हाला हे आजवर सांगितलं नाही. मी पाचवीत होते. त्या दुपारी तुम्ही आधीच्या खेपेची पिल्लं पोचवायला गाडीबरोबर तालुक्याला गेलात, आणि मी स्टुलावर चढून नॉब उजवीकडे फिरवला आणि घरी पळाले. तुम्ही तीन तासांनी परत आलात. पिल्लं निघायच्या दिवशी अर्ध्याहून जास्त अंडी फुटलीच नाहीत. साहेब चौकशीला आले तेव्हा मी खिडकीखाली उभी होते. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं, साहेब. जाताना माझ्याच हातून फिरला असणार." वहीतही तुमच्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं. तुम्हाला त्या खोलीतून काढून खाद्याच्या गोदामात टाकलं, आणि रिटायर होईपर्यंत तुम्ही पोतीच मोजलीत. त्या रात्री जेवताना तुम्ही आमटीत बघत म्हणालात, "यंत्राला हात लावायचा तर आधी वही बघावी." आईला वाटलं तुम्ही ऑफिसातल्या कुणाला बोलताय. मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

बाबा, ते कुणाला होतं? तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी मी याच एका वाक्याभोवती फिरते. कळलं असेल तर तुम्ही मला पाठीशी घातलंत, आणि माझ्यापायी तुमची आवडती खोली सोडलीत. कळलं नसेल तर आणखी वाईट. मग दर तासाला आकडा लिहिणारा माणूस उरलं आयुष्य स्वतःच्याच हाताला दोष देत राहिला, आणि मी समोर बसून जेवत होते. एक वाक्य बोलले असते तर सुटलं असतं सगळं. तुमच्या त्या वहीला कोणी फिरवला हे कळत नव्हतं, तिथे फक्त तुमचा शब्द होता. संध्याकाळी मी वर जाऊन लेकीला सॉरी म्हटलं. मग आम्ही दोघींनी तो नॉब अठ्ठावीसवर नेला आणि खोली किती तापते ते बघत बसलो.

हे मी कंट्रोलच्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहितेय, पाठवायचं तर कुठेच नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. लेकीला नुसतं कुतूहल होतं. मला नव्हतं. पाचवीतल्या त्या आठवड्यात शनिवारी आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि पिल्लं निघाल्याशिवाय तुम्हाला तिथून हलता येणार नाही, असं तुम्ही सांगितलं होतंत. मला वाटलं, जास्त तापवलं की पिल्लं लवकर निघतील. शनिवारी तुम्ही आलात. खोली गेली होती, तुम्ही मोकळेच होतात. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होतात, आणि मी स्टेजवरून तुम्हाला बघितलं तेव्हा मला एकाही अंड्याची आठवण झाली नाही. मला फार आनंद झाला होता, बाबा.