एका खोलीची किल्ली

प्रिय खाला दलीला,

तुमची बॅग भरून झाली असेल. हेडफोनवर बोलायला गेलो की तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, नाहीतर नातवंडांचा दंगा, आणि माझं बोलणं अर्ध्यात तुटतं. म्हणून आपल्या अंतराळाच्या ऑनलाइन खेळातल्या टपालानेच लिहितो आहे. लिहिलेलं निदान खोडता तरी येतं.

आधी खेळातल्या आपल्या कंपनीची बातमी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाणींजवळच्या तळावरून खनिज उचललं आणि सीमेवरच्या तळावर नेलं. तिथली लढाई अजून मिटलेली नाही. जहाजं फुटतात, नवी लागतात, आणि भाव चढतोच आहे. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, या खेळात पैसा फक्त दगड फोडण्यात आहे. दिवसभर लघुग्रह खणायचो आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळा व्हायचो. तुम्ही हसून म्हणाला होतात, “बाळा, तुमच्या स्फाक्स शहरात जैतुनाची फळं तोडणारा कधी श्रीमंत झालेला पाहिलास का?” त्यानंतर तुम्ही मला माल वाहायला लावलंत, मग बाजार वाचायला शिकवलंत, मग गोदीत जहाजं बांधून विकायला. शाळा सुटली तेव्हा अब्बा म्हणाले होते की याच्या हातून काही होणार नाही. आता दर महिन्याला खेळाच्या पेढीवर नाणी मोडून मी घरात खरे दिनार आणतो. ते मोजत नाहीत, पण घेतात.

हजला निघायचं म्हणून गेल्या शुक्रवारी तुम्ही सगळ्या पायलटांना एकत्र बोलावून माफी मागितलीत. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा वाटा चुकून कमी दिला असेल तर माफ करा, म्हणालात. मी ‘माफ’ म्हणालो, माझी आजी हजला निघाली तेव्हा सगळी गल्ली म्हणाली होती तसं. ब्राझीलच्या पायलटला मात्र काही कळेना. त्याने मला वेगळं गाठून विचारलं, डॉक्टरांनी तिला किती मुदत दिली आहे? मी त्याला समजावलं, पण त्याची खात्री पटलेली दिसत नाही. परवा त्याने तुमच्या नावाने एका ताऱ्यापाशी फुलं ठेवली. खेळात फुलं मिळतात हे मलाही माहीत नव्हतं.

मग तुम्ही मला किल्ल्या दिल्यात. सगळ्या कोठारांच्या, गोदीच्या, कंपनीच्या खजिन्याच्यासुद्धा. खेळ स्वतःच सांगतो, एका माणसाला एकाच कोठाराचा हक्क द्या. तो पोलंडचा हिशेबनीस तर घाबरून दोनदा तुम्हाला थांबवत होता. तुम्ही त्यालाच झापलंत. शेजाऱ्याला घराची किल्ली देताना कुणी एका खोलीची देतं का, म्हणालात. तसं केलं तर तो जन्मभर तोंड बघणार नाही. तुमचं खरं आहे. आमच्याकडेही असंच आहे. ऐकताना मला इतकं बरं वाटलं की सगळ्या किल्ल्या घेऊन टाकल्या.

घरची बातमी म्हणजे गच्चीच. आमच्या गच्चीवर लोखंडी सळ्या उभ्या आहेत, तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या लग्नाच्या खोल्या तिथे व्हायच्या आहेत. सळ्यांना गंज चढला आहे आणि आई त्यांच्यावर कपडे वाळत घालते. जिच्याशी माझं लग्न ठरलं आहे त्या सिवारचे वडील आले होते. कॉफी प्यायले, वर जाऊन सळ्यांकडे पाहिलं आणि अब्बांना म्हणाले, उन्हाळा संपेपर्यंत छत घातलं नाही तर माझी मुलगी आकाशाखाली नांदायची नाही. शांतपणे म्हणाले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

अशात खेळात सीमेवरच्या एका कंपनीने मला निरोप पाठवला. तुमची गोदी, कोठारं, सगळं माझ्याकडून एकरकमी घ्यायला ते तयार आहेत; तेवढ्या पैशात आमचं छत होईल. उत्तर द्यायला त्यांनी मला मुदत दिली आहे, आणि ती तुम्ही मक्केत असताना संपते. मी उत्तर दिलेलं नाही. खेळाच्या नियमांत आपलीच कंपनी लुटायला बंदी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काही जणांची तर त्यावरून वाहवा होते. मी कॅफेत माझ्या दोस्ताला, हैकलला विचारलं, एका मित्राची गोष्ट म्हणून. तो म्हणाला, अरे, पत्त्यांत राणी मारली म्हणून कुणी तुरुंगात जातं का? आईला विचारलं, तर ती म्हणाली, बाईच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे ना, मग कपाट ताऱ्यावर असो की तळघरात. मशिदीतल्या शेखांना विचारलं. त्यांनी माल कुठे ठेवला आहे ते बराच वेळ समजून घेतलं आणि मला नीट जेवायला सांगितलं. शेवटी सिवारला खरं काय ते सांगितलं. ती हो म्हणेल किंवा भांडेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “छत घाल. पण कशाच्या पैशाने घातलंस ते मला कधी सांगू नकोस.” त्यानंतर मला कुणाचंच काही समजेनासं झालं आहे. सकाळी वाटतं, हे सगळं पडद्यावरचे ठिपके. दुपारी वाटतं, त्याच ठिपक्यांवर आमच्या घरात भाकरी येते, मग ते ठिपके कसे?

खाला, मी अजून कशालाही हात लावलेला नाही. तुम्ही पोलंडवाल्याला तपासायला सांगू शकता. तुमचं विमान गुरुवारी आहे, म्हणून आज लिहितो आहे. निघण्याआधी माझ्याकडच्या किल्ल्या काढून घ्या. फक्त इंधनाच्या कोठाराची राहू द्या, म्हणजे जहाजं थांबणार नाहीत. बाकीच्या त्या हिशेबनिसाला द्या. मी चोर आहे की नाही ते मला खरंच कळत नाही, आणि ते तुमच्या घरात उभं राहून शोधायचं नाही. तुम्ही माझी माफी मागितलीत, तेव्हा माफ करण्यासारखं काहीच नव्हतं. आता मी मागतो आहे. मला एकाच खोलीची किल्ली द्या. मी अपमान मानणार नाही.

तुमचाच, अजून तरी तुमचाच,
नाजिह