नऊ-शून्यचा सी.आर.

११ जानेवारी १९८७, रविवार, संध्याकाळ

जिंकलो. कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेत नऊ-शून्य. नंदिनी नगरची टीम टेम्पोत चढताना आपसातसुद्धा बोलत नव्हती. टीम मॅनेजर या नात्याने मी त्यांच्या कोचला शेकहँड केला. तसं पाहिलं तर कॉलेजचे स्पोर्ट्स टीचर केवलराम सर यांनी मला फक्त लिंबं आणि ग्लुकोज आणायला सांगितलं होतं. पण वेळेवर लिंबं जो आणतो त्यालाच मॅनेजर म्हणतात.

मॅच संपल्यावर पोरं नाचली. मला ते आवडलं नाही. जिंकलेली टीम लवकर बिघडते.

संकल्प: प्रत्येक खेळाडूचं मूल्यमापन करायचं. मी कामाला आहे त्या प्लांटात साहेब लोक वर्षाअखेर आपल्या माणसांचा सी.आर., म्हणजे गोपनीय अहवाल, लिहितात, कामाप्रमाणे ए, बी, सी, डी देतात, अगदी तसं. फुटबॉलमध्ये हे आजवर कोणाला सुचलं नसावं. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी जवळजवळ अख्खा वर्ल्ड कप पाहिला आहे, मधली झोप सोडली तर. तेव्हा अधिकाराचा प्रश्न नाही.

आमचा मुलगा विजयकुमार, घरचा विजू, गोलकीपर. घरी आला तेव्हा कपडे सकाळी घातले तसेच पांढरे. त्याची आई खूश, धुणं वाचलं. मला मात्र खटकलं.

१२ जानेवारी, सोमवार

घोर अन्याय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यंदा माझा सी.आर. ‘सी’. म्हणजे अ‍ॅव्हरेज. मी! सेफ्टी इन्स्पेक्टर! वर्षभरात माझ्या शॉपमध्ये, म्हणजे प्लांटातल्या माझ्या विभागात, एक साधं बोट चेपलं नाही. हेच मी सांगितलं, तर साहेब म्हणाले, तेच तर विचारतोय, मग तुम्ही केलं काय? मी राउंडला येतो तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलेले असता.

अहो, काही घडू नये हेच तर माझं काम! बसून लक्ष ठेवतो मी. शेजारच्या शॉपचा इन्स्पेक्टर बघा. त्याच्याकडे रोज कोणीतरी घसरतं, मग हा धावतो, पट्टी बांधतो, रिपोर्ट खरडतो. घामाघूम दिसतो. त्याला ‘ए’.

डोकं ठणकून राहिलं. कमलिनी म्हणाली, जेवून घ्या. बायकोला यातलं काय कळणार. संकल्प: अपील करायचं. जोरदार.

१३ जानेवारी, मंगळवार

अपील आज जमलं नाही. टीमचे सी.आर. टाइप करत होतो. ऑफिसच्या टाइपरायटरवर, पण लंचमध्ये. लंच साडेतीनपर्यंत चालला.

भैयालाल, सेंटर फॉरवर्ड. पाच गोल. पाचही उजव्या पायाने. डावा पाय वर्षभर पगारी रजेवर. बी.

दोन्ही बॅक. चेंडू यांच्याकडे आला नाही हे कबूल, पण हेही चेंडूकडे गेले नाहीत. सी.

विजयकुमार, गोलकीपर. काम शून्य. पहिल्या हाफमध्ये चेंडूला हात लागला नाही. दुसऱ्या हाफमध्ये पोस्टला टेकून उभा. मैदानात आलेली गाय हाकलली, एवढीच नोंद. सी. मग विचार केला, लोक म्हणतील बापाने सांभाळून घेतलं. म्हणून डी.

तुलना असावी म्हणून त्यांच्या गोलकीपरचाही लिहिला. बाबुलाल नाव. काय मेहनत! कधी डावीकडे झेप, कधी उजवीकडे, अंगभर माती. नऊ गेले खरे, पण श्रम पाहायचे की नाही? ए.

खाली सही केली: मॅनेजर. छान दिसते.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज गोड बोलायचा दिवस, म्हणून शेरे तोंडाने सांगितले नाहीत. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावले आणि खाली उभं राहून तिळगूळ वाटला. तिळगूळ बराच उरला.

केवलराम सरांना टायपिंग फार आवडलं. एक कार्बन कॉपी घडी करून त्यांनी खिशात ठेवली. युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसाठी नावं त्यांनाच कळवायची आहेत. आमच्या भागातून एकच गोलकीपर घेणार आहेत. कॅम्पमधून टीममध्ये गेलं की ब्लेझर, आणि ब्लेझर असला की प्लांटात स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीची आशा. विजूचं गणित दोनदा राहिलं आहे. त्यामुळे पोराचा सगळा जीव त्या ब्लेझरमध्ये.

त्याची काळजी नाही. दुर्गपासून नंदिनीपर्यंत त्याच्या तोडीचा गोलकीपर नाही. सी.आर.मध्ये हे लिहिलं नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

कमलिनीने मात्र सणाच्या दिवशी तोंड फुगवलं. म्हणाली, “पोराले डी कावून देऊन राहिले तुमी? बॉल त्याच्याकडे आलाच नाही तं काय करन तो?” मी तिला पक्षपात म्हणजे काय ते समजावलं. तिने ताट आपटलं.

१८ जानेवारी, रविवार

सेमीफायनल. रायपूरची टीम. हरलो, एक-चार.

पण मूल्यमापनाचा परिणाम स्पष्ट दिसला. आज एकही खेळाडू रिकामा नव्हता. भैयालालने प्रत्येक शॉट डाव्या पायाने मारला. दोन चेंडू पाण्याच्या टाकीपलीकडे गेले, पण प्रयत्न प्रामाणिक. दोन्ही सीवाले बॅक गोल करायला पुढे धावले ते परत आलेच नाहीत. मागे विजू एकटा आणि समोर रायपूरचे तीन-तीन जण. पोरगं सारखं झेपावत होतं. कोपर सोललं, गुडघा फुटला. चार गेले, पण अडवले किती त्याची गणती नाही. केवलराम सर कपाळाला हात लावून बसले होते. ऊन लागलं असावं.

आजच्या खेळाला मी विजूला डोळे झाकून ए दिला असता. पण सी.आर. वर्षातून एकदाच. मधे बदलायची पद्धत नाही. पुढच्या वर्षी नक्की.

परतताना बसमध्ये मी त्याला म्हणालो, शाब्बास, आज काम दिसलं.  तो कोपरावरची माती झटकू लागला. थकला असेल.

लिंबांना कोणी हात लावला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

अपिलाचा मसुदा तीनदा लिहिला, तीनदा फाडला. राग इतका येतो की तिसऱ्या ओळीला शिवी उतरते. शेवटी विजूला म्हटलं, तुझं इंग्रजी बरं आहे, तू लिही. विषय सांगितला. कागद घेऊन बसला आणि एका बैठकीत लिहून दिलं. वाचून दाखव, मराठीत सांग म्हटलं, तर सांगितलं त्याने.

काय लिहिलं आहे! जिथे वर्षभर काही घडत नाही तिथेही एक माणूस डोळे उघडे ठेवून उभा असतो. त्याच्याकडे काम आलं नाही हा त्याचा दोष नव्हे. ज्याच्या अंगावर माती नाही तो रिकामा होता असं समजू नये.

मला भरून आलं. बापाचं दुःख पोराला इतकं कसं कळलं? शेवटी रक्त आहे. स्वयंपाकघरात कमलिनी एकदम हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, भाजी खाली लागली.

‘उभा’ शब्दावर मी थोडा अडलो होतो, कारण मी बसतो. पण इंग्रजीत चालून जातं म्हणे.

२ फेब्रुवारी, सोमवार

कॅम्पची यादी लागली. विजूचं नाव नाही. गोलकीपर: बाबुलाल, नंदिनी नगर.

नऊ गोल खाणारा बाबुलाल!

तसाच सायकल हाणत केवलराम सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की शिफारस लिहायला सवड मिळाली नाही, म्हणून माझा कागदच पाठवून दिला. युनिव्हर्सिटीवाल्यांना तो फार पसंत पडला. इतका तपशीलवार रिपोर्ट आजवर आला नव्हता म्हणाले. आता ज्याला घरच्याच मॅनेजरने डी दिला त्याला कोण नेणार, आणि ए असलेल्याला कोण सोडणार? मी म्हणालो, तो ए तुलनेपुरता होता. ते म्हणाले, सही तर आपलीच आहे साहेब.

या देशात गुणाला किंमत नाही. संताप संताप झाला. घरी येऊन कुलगुरूंना कडक तक्रार लिहायला बसलो. “ज्या बेजबाबदार इसमाने हे मूल्यमापन केले,” इथपर्यंत झकास उतरलं. पुढे इसमाचं नाव लिहायचं होतं. तिथे पेन थांबलं. उद्या पाहू.

विजू जेवला नाही. त्याच्या आईने पण ताट वाढून घेतलं नाही. मी एकटाच जेवलो, कोणीतरी जेवायला पाहिजे म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार, रात्री

अपील मंजूर! साहेबांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. म्हणाले, अर्ज दोनदा वाचला, असा विचार मी कधी केलाच नव्हता. ‘सी’ खोडून ‘ए’ केला, माझ्या डोळ्यांदेखत. कोणी लिहिलं विचारलं. मी म्हणालो, घरीच लिहिलं. खोटं नाही बोललो.

पॉवर हाऊसच्या बाजारातून अर्धा किलो पेढे आणले. देवापुढे ठेवले. कमलिनीने एक घेतला, हातात धरून बसली आणि परत पुड्यात ठेवला. विजू बाहेरच्या खोलीत गणिताचं पुस्तक उघडून बसला होता. मी पेढा पुढे केला आणि सांगितलं की तुझ्या शब्दांनी काम झालं, साहेबाने सी.आर. बदलला.

त्याने मान वर केली. आवाज चढवला नाही.

“बाबा, मी अपील कोनाकडे करू?”

नियम मला पाठ आहे, म्हणून सांगून मोकळा झालो. ज्याने लिहिला त्याच्याकडेच करायचं असतं, तोच बदलू शकतो.

“मंग बदलवा ना.”

पेढा हातातच राहिला. कॅम्प कालपासून सुरू झाला आहे.